सफरचंदाचं झाड कधीच न पाहिलेल्या लेकरांना त्याचे ऋतू कसे शिकवावेत?

डोंगरवाट | १७ जानेवारी, रात्री ९:२०

नमस्कार मंडळी. बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पहिली-दुसरीला शिकवते. दोन्ही वर्ग मिळून एकवीस लेकरं. परवा शैक्षणिक साहित्याच्या खोक्यातून एक मोठा रंगीत तक्ता निघाला, ‘सफरचंदाच्या झाडाचं वर्ष’. चार चित्रं आहेत. एकात झाड पांढऱ्या-गुलाबी फुलांनी भरलेलं, दुसऱ्यात हिरवंगार, तिसऱ्यात लाल फळांनी लगडलेलं आणि चौथ्यात नुसत्या काड्या, खाली बर्फ.

चौथ्या चित्रावर बोट ठेवून मी विचारलं, याला काय झालं असेल? दुसरीतली एक पोरगी लगेच उठली. "बाई, याला पाणी न्हाई भेटलं. वाळलं ते." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी म्हणाले, वाळलं नाही गं, थंडी पडली म्हणून झोपलंय. तर ती म्हणाली, "थंडीत झोपायचं तर गोधडी घ्यावं ना. ह्यानं तर अंगावरची पानं बी टाकून दिली."

मला उत्तर देता आलं नाही. काहीतरी ठोकून द्यायचं नव्हतं, म्हणून ‘बघून सांगते’ म्हणाले. ही पोरगी आजीपाशी राहते, आईबाप दिवाळीआधीच ऊसतोडीला गेलेत. शिवार तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

तर प्रश्न असा की, ज्या लेकरांनी सफरचंद फक्त बाजारातल्या गाड्यावर पाहिलंय त्यांना हे झाड कसं समजावू? आपल्या बोलण्यात ऋतू तीन, पुस्तकात सहा आणि ह्या तक्त्यावर चार. तक्ता वापरावा की गुंडाळून ठेवावा?

गोदाकाठचा | १७ जानेवारी, रात्री ९:४८

गुंडाळून ठेवा ताई. मराठीत अ अननसाचा, इंग्रजीत ए फॉर ॲपल. दोन्ही आमच्या नांदेडच्या शिवारात येत नाहीत, आणि दारातली चिंच, बोर, लिंब यांचं वर्ष मात्र कुठल्या तक्त्यावर नसतं. लिंबाची पानगळ, चैत्रातली कोवळी लाल पालवी, फुलोरा, मृगाच्या आसपास लिंबोळ्यांचा सडा, हे सगळं लेकरू चालता चालता बघतं. जे बघता येतं ते शिकवा. बर्फ दाखवून काय उपयोग?

निशिगंध_लातूर | १७ जानेवारी, रात्री १०:१५

गोदाकाठचा दादा, मला हे पटत नाही. माझा मुलगा बालवाडीत होता तेव्हा त्यानं सफरचंदाचं झाड काढलं आणि प्रत्येक फळावर एक छोटा निळा गोल काढला. मी विचारलं, हे काय? तर म्हणाला, "स्टिकर." त्याच्या हिशोबानं फळ स्टिकरसकट उगवतं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. वस्तू घरात रोज येते आणि ती कुठून आली याचं चित्रच मनात नाही. दूरचं आहे म्हणून सोडून दिलं तर हे चित्र कधी तयार होणार?

आणि ‘आपलं-परकं’ म्हणाल तर आपलं सीताफळही मुळात अमेरिका खंडातलं आहे. पेरू आणि मिरचीही तिकडचीच. तरी आपण त्यांना आपलं म्हणतोच ना?

मी_उदगीरकर | १७ जानेवारी, रात्री १०:३१

आमच्या लहानपणी सफरचंद म्हणजे दवाखाना. कोणी ॲडमिट असलं की पिशवीत चार सफरचंदं आणि एक ग्लुकोज बिस्किटाचा पुडा. पेशंट एक खायचा, तीन आम्ही.

देवदार | १८ जानेवारी, सकाळी ७:०५

मी मूळची अंबाजोगाईची. यांच्या नोकरीमुळे सात वर्षं शिमला जिल्ह्यात राहिले, घराला लागूनच सफरचंदाची बाग होती. डोळ्यांनी पाहिलेलं लिहिते, डोंगरवाटताईंना गोष्ट सांगायला उपयोगी पडेल.

पहिल्या हिवाळ्यात मलाही वाटलं होतं की बाग मेली. डिसेंबर-जानेवारीत झाडाला एक पान नाही, फांद्या काळपट, वर बर्फाचा थर. आणि तेव्हाच बागेत सगळ्यात जास्त काम! छाटणी करायची, बुंध्याभोवती आळं करायचं (तिकडे त्याला तौलिया म्हणतात), शेणखत घालायचं, खोडाला चुना लावायचा. बर्फ जास्त पडला तर बागवाले खूश. मी शेजारच्या आजींना विचारलं, एवढ्या थंडीचं कौतुक कशाला? त्या म्हणाल्या, झाड नीट झोपलं नाही तर फुलणार कसं?

पुढे वाचून कळलं की हे शब्दशः खरं आहे. झाडाला साधारण सात अंशांच्या खालचे थंडीचे तास मिळावे लागतात. जुन्या डिलिशियस जातींना हजाराच्या आसपास. तेवढे झाले नाहीत तर डोळे (फांदीवरच्या मिटलेल्या कळ्या) धड फुटत नाहीत, फुलं मागेपुढे आणि विरळ येतात.

मार्चमध्ये कळीचं टोक आधी चंदेरी दिसतं, मग हिरवं. मग पाच-सहा कळ्यांचा गुच्छ बाहेर पडतो, गडद गुलाबी. उमलल्यावर पाकळ्या जवळजवळ पांढऱ्या होतात, पाठीमागून गुलाबी छटा राहते. एप्रिलमध्ये बागेत मधमाश्यांच्या पेट्या आणून ठेवतात, भाड्यानं. त्या आठवड्यात गारा पडल्या किंवा सलग पाऊस लागला की माश्या बाहेर पडत नाहीत आणि घराघरात चिंता. मग पाकळ्या गळतात, मागे बोराएवढं हिरवं लवदार फळ राहतं. त्यातली बरीच जूनपर्यंत आपोआप गळतात. झाडच ठरवतं किती पोसायची. ऑगस्ट-सप्टेंबरात तोडणी, नोव्हेंबरात पानं पिवळी होऊन गळतात.

आणखी एक. सफरचंद तिकडचंही जुनं रहिवासी नाही. त्याचे रानटी पूर्वज कझाकस्तानच्या डोंगरांतले. शिमला जिल्ह्यातल्या कोटगढला डिलिशियस जातीची झाडं अमेरिकेतून आणली ती तिथं स्थायिक झालेल्या अमेरिकन सॅम्युअल स्टोक्स यांनी, १९१६ च्या सुमारास.

पाटपाणी | १८ जानेवारी, दुपारी १:४०

देवदारताई, तुम्ही लिहिलंय ‘नीट झोपलं नाही तर फुलणार कसं’, आणि मी बांधावर बसून हे वाचतोय. माझी मोसंबी आहे, अंबड तालुक्यात. सध्या बाग ताणावर आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा) धरायचा तर डिसेंबरात बागेचं पाणी तोडायचं. भारी जमिनीत दीड-दोन महिने, हलक्या जमिनीत महिनाभर. पानं मलूल होतात, पिवळी पडतात, काही गळतात. नवखा माणूस बघून हळहळतो की बाग गेली. मग जानेवारीत खत घालून पहिलं हलकं पाणी द्यायचं, ती आंबवणी. नंतरचं दुसरं पाणी चिंबवणी. आणि दोन-तीन आठवड्यांत झाड पांढरं होतं, वास शेजारच्या वावरापर्यंत जातो.

म्हणजे हिमाचलात थंडी जे काम करते ते आमच्याकडं ताण करतो. झाड थांबतं, साठवतं, मग एकदम फुलतं. ताई, तुमची पोरगी म्हणाली ना ‘याला पाणी न्हाई भेटलं’, ती चुकली नाही. तिनं तिच्या मुलखातलं उत्तर दिलं. मोसंबीला ताण तशी सफरचंदाला थंडी, एवढं म्हणालात तर बागायती गावातलं कोणतंही लेकरू समजेल.

फक्त एक फरक नक्की सांगा. ताण वेगळा आणि दुष्काळ वेगळा. २०१२-१३ ला आमच्या जालना भागात बागाच्या बागा वाळल्या. आमचे वडील तेव्हा रोज सकाळी एकेका झाडापाशी जाऊन बारक्या फांदीची साल नखानं खरवडायचे. आत हिरवं दिसलं की पुढच्या झाडाकडं. तपकिरी दिसलं की त्या बुंध्यावर हात ठेवून थोडं थांबायचे. आमची दोनशेच्या वर झाडं तशी गेली. झोपलेलं झाड आणि मेलेलं झाड लांबून सारखंच दिसतं, नखानं खरवडल्यावर कळतं.

डोंगरवाट | १८ जानेवारी, रात्री ८:५०

पाटपाणी दादा, तुमच्या वडिलांबद्दलचं दोनदा वाचलं. उद्याच लेकरांना घेऊन शाळेमागच्या झाडांवर हा नखाचा प्रयोग करते, अगदी बारीक फांदीवर.

देवदारताई, तुमचं वर्णन छापून वर्गात लावते. पण गोधडीचा प्रश्न राहिलाच. झाड थंडीत पानं टाकून का देतं?

तासिका | १८ जानेवारी, रात्री १०:१०

मी परभणीत ज्युनियर कॉलेजला जीवशास्त्र शिकवते. प्रयत्न करते.

पान म्हणजे झाडाची पाणी उडून जाण्याची जागा. पानांवरच्या बारीक छिद्रांतून दिवसभर वाफ जात असते आणि मुळं खालून पाणी ओढून ते भरून काढतात. जिथे जमिनीतलं पाणीच गोठतं तिथे मुळांना ते ओढता येत नाही. पाणी आहे, पण दगड झालंय. शिवाय कोवळं रुंद पान गोठलं की फाटतं, सडतं. म्हणून थंडी वाढायच्या आधीच झाड पानातला कामाचा ऐवज फांद्यांत, खोडात, मुळांत ओढून घेतं. हिरवा रंग जातो, पिवळा उरतो, देठाच्या बुडाशी एक पापुद्रा तयार होतो आणि पान सुटतं. पाटपाणी म्हणतात ते बरोबर आहे, पण मी एक पाऊल पुढे जाईन. त्या मुलीचं उत्तर सफरचंदालाही बऱ्याच अंशी लागू आहे. बर्फातल्या झाडाला खरोखरच पाणी मिळत नसतं.

आता गोधडी. ती घेतलेली असते, पण झाडावर नाही, कळीवर! उघड्या फांदीवर जे डोळे असतात त्यांच्यावर एकावर एक खवले असतात आणि सफरचंदाच्या फुलाच्या डोळ्यावर वर बारीक लवही असते, राखाडी मऊ. पुढच्या वर्षाची फुलं आदल्या उन्हाळ्यातच डोळ्यात बनायला लागतात. म्हणजे चौथ्या चित्रातल्या ‘नुसत्या काड्यां’वर पहिल्या चित्रातली फुलं गुंडाळून ठेवलेली आहेत. फुगीर, लवदार डोळा फुलाचा आणि बारीक, टोकदार डोळा पानाचा.

निशिगंध_लातूर | १८ जानेवारी, रात्री १०:२२

अंगावर काटा आला. उद्या मुलाला हेच सांगणार.

खरीप_रब्बी | १९ जानेवारी, सकाळी ११:३०

एवढं करण्यापेक्षा शाळेत झाडच लावा की. हल्ली उष्ण भागातली सफरचंदं निघालीत. हिमाचलमधल्या बिलासपूरचे शेतकरी हरिमन शर्मा यांची एचआरएमएन-९९ जात आहे, त्यासाठी त्यांना पद्मश्रीही मिळाली. अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन याही कमी थंडीच्या जाती. ऑनलाइन रोपं मिळतात.

पाटपाणी | १९ जानेवारी, दुपारी २:०५

मी हौसेनं तीन झाडं लावलीत, विहिरीजवळ. खरं ते सांगतो. चौथं वर्ष आहे, गेल्या जूनमध्ये अकरा फळं मिळाली, चवीला बरी. पण ताईंच्या कामाला हे झाड फारसं येणार नाही. आमच्याकडं त्याची पानं आपोआप नीट गळतच नाहीत. डिसेंबरात मला हातानं ओरबाडावी लागतात, तेव्हा जानेवारी-फेब्रुवारीत फुटतं. ज्याला ऋतू कळेना झालाय अशा झाडावरून ऋतू कसे शिकवणार? शिवाय उन्हाळी सुट्टीत शाळेच्या झाडाला पाणी कोण घालणार? लावायचं तर हौस म्हणून लावा, पण तक्त्यातलं वर्ष त्याच्यावर दिसणार नाही.

तासिका | १९ जानेवारी, सायंकाळी ६:१५

आमच्या परभणीत काही वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा मुलं विचारतात, मग आपल्याकडे सफरचंद का नाही? मी फळ्यावर गणित घालते. हजार तास म्हणजे रात्रंदिवस थंडी राहिली तर जवळजवळ बेचाळीस दिवस. आपल्याकडे कडाक्याच्या रात्री पहाटेचे सहा तास धरले तर एकशे सदुसष्ट रात्री लागतील. तशा रात्री आपल्याला मिळतात मोजक्या, आणि दुपारी पुन्हा पंचवीस-अठ्ठावीस अंश. पहिली-दुसरीला हे जड आहे, पण पाचवीच्या पुढे गणितासकट छान रंगतं.

मी_उदगीरकर | १९ जानेवारी, रात्री ९:००

बी पेरून बघा ना कोणी.

निशिगंध_लातूर | १९ जानेवारी, रात्री ९:३५

आम्ही पेरलंय, दोन वर्षांपूर्वी. बिया धुऊन ओल्या सुती कपड्यात गुंडाळून डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्या. बीलाही थंडी लागते, दोन-अडीच महिने. मुलगा दर रविवारी कपडा उघडून बघायचा. नऊ रविवार काही नाही. दहाव्या रविवारी एका बीला तांदळाच्या कणीएवढं पांढरं टोक! फ्रिजला तो ‘हिमाचल’ म्हणायला लागला होता. कुंडीत वीतभर वाढलं. एप्रिलच्या उन्हात सावलीत ठेवूनही गेलं. मुलगा रडला. मी त्याला दुसरं रोप आणून ‘हे तेच’ असं सांगितलं नाही. त्या रोपाची सुकलेली सहा पानं अजून वहीत आहेत.

(बागेत झाडं बीपासून नाही तर कलमानं करतात, कारण बीचं झाड आईसारखं फळ देईलच असं नसतं. हे आम्हाला नंतर कळलं.)

गोदाकाठचा | २० जानेवारी, सकाळी ८:१०

काल तुमच्या सगळ्यांचं वाचून घरी एक सफरचंद आणलं आणि नातीला घेऊन बसलो. देठाच्या विरुद्ध बाजूला, बुडाच्या खळग्यात, वाळलेलं काहीतरी असतं. इतकी वर्षं ते सुरीनं काढून टाकलं. काल पहिल्यांदा नीट बघितलं. पाच चिमुकली वाळकी पानं आहेत. फुलाखालची हिरवी पानं असतात ना, तीच. म्हणजे गाड्यावरच्या फळावरही एप्रिलमधल्या फुलाची खूण शिल्लक असते. नातीनं मग पेरू उलटा केला, त्यालाही तसंच. डाळिंबाचा तर अख्खा मुकुटच.

मग सफरचंद उभं न कापता आडवं कापलं. मध्ये पाच घरांची चांदणी. फुलाच्या पाकळ्याही पाचच. ताई, तक्ता गुंडाळा म्हणालो होतो, ते मागे घेतो. पण शेजारी लिंबाचा नाही तर चिंचेचा तक्ताही लागलाच पाहिजे, ह्यावर मी ठाम आहे.

बालाघाटी | २० जानेवारी, रात्री ९:२५

लिंब-चिंच कशाला, ताई सीताफळाच्या मुलखात आहेत! बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे. आमची धारूरकडं डोंगरउतारावर झाडं आहेत. सफरचंदाशी जोडी लावायला ह्याच्याइतकं चांगलं झाड नाही, कारण हेही पूर्ण उघडं होतं. फक्त हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंत. तिकडं बर्फ वितळून फुलं येतात तेव्हा इकडं आमचं झाड झोपलेलं.

आता एक गंमत सांगतो, लेकरांना हातानं करून बघू द्या. सीताफळाचं पिवळं पडलेलं जुनं पान देठापासून अलगद उपटा. देठाचं बूड आतून पोकळ असतं, टोपीसारखं. आणि फांदीवर त्या जागी डोळा बसलेला असतो, लवदार, मुगाच्या दाण्याहून लहान. पान असेपर्यंत तो देठाखाली झाकलेला असतो. पान गळाल्याशिवाय त्याला बाहेर यायला वाटच नाही. त्या पोरीला सांगा, हे झाड पान टाकून देत नाही, बाळासाठी दार उघडतं.

देवदार | २० जानेवारी, रात्री ९:५०

अंबाजोगाईत वाढले, हजार सीताफळं खाल्ली, हे कधीच पाहिलं नाही!

डोंगरवाट | २३ मार्च, सायंकाळी ७:४०

दोन महिन्यांनी लिहितेय, माफ करा. मध्ये परीक्षा आणि सर्वेक्षणाची कामं होती.

फेब्रुवारीत शाळेमागच्या सीताफळापाशी गेलो. प्रत्येकानं एकेक पिवळं पान उपटलं. आधी कोणाला काही दिसेना. मग त्याच पोरीनं देठाच्या बुडाची टोपी करंगळीच्या नखावर घालून बघितली आणि फांदीवरच्या डोळ्याकडं बघून ओरडली, "बाई, हितं हाय! गोधडीत हाय!" मी अजून गोधडीचा ‘ग’ही काढला नव्हता.

मग तक्ता लावला. शेजारी कोऱ्या कागदावर मोठं वर्तुळ काढून बारा भाग केले, आतल्या बाजूला सफरचंदाचं वर्ष, बाहेरच्या बाजूला सीताफळाचं. देवदारताईंचं वर्णन वाचून आतलं भरलं. बाहेरचं लेकरांनीच सांगितलं. पावसाळ्याच्या तोंडाला पालवी आणि हिरवट फुलं, श्रावणात बारकी फळं, दसऱ्याच्या पुढंमागं फळांचे ‘डोळे उघडले’ की तोडायची, संक्रांतीनंतर पानं पिवळी. आत्ता मार्चमध्ये आतल्या बाजूला चंदेरी टोकं आणि बाहेर उघड्या काड्या. एकानं विचारलं, "म्हंजी ते उठायलंय आन् हे झोपायलंय?" हो म्हणाले.

गोदाकाठचा दादा, एक सफरचंद आडवं कापून एकवीस जणांत वाटलं. चांदणी बघितल्याशिवाय कोणी खाल्लं नाही.

बाहेरचं वर्तुळ रंगवायला त्या पोरीकडं दिलं होतं. तिनं सीताफळं तोडून झाल्यावरच्या भागात, उसाच्या मोळ्या लादलेला एक ट्रॅक्टर काढला, झाडापासून लांब जाणारा. आणि चैत्राच्या भागात, जिथं झाड अजून उघडंच आहे, तिथं तोच ट्रॅक्टर परत येताना काढलाय, रिकामा, मागं दोन माणसं बसलेली. त्या झाडाच्या प्रत्येक काडीवर तिनं पेन्सिलीनं बारीक ठिपके दिलेत. काल मोजत बसली होती, चाळीसच्या पुढं गेले.